ग्रंथालय म्हणजे गोदाम नव्हे

ठाण्याहून भिवंडीकडे जाताना कशेळीचा खाडीपूल ओलांडला की काल्हेर, पूर्णा, राहनाळ, दापोडे, वळ अशा गावांचा परिसर सुरू होतो. एके काळी भातशेतीसाठी ओळखला जाणारा हा पट्टा आज गोदामांसाठी ओळखला जातो. मुंबईतील जागेची टंचाई आणि मुंबईच्या वेशीवरील जकात या दोन कारणांनी माल साठवण्याची ही सोय महानगराच्या उंबऱ्यावर वाढत गेली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि जकात इतिहासजमा झाली. गोदामे मात्र उठली नाहीत. ऑनलाइन खरेदीच्या लाटेने ती अधिक लांब, अधिक उंच झाली. देशातील लक्षावधी घरांत पोहोचणाऱ्या वस्तू या परिसरातील पत्र्याच्या छपरांखालून जातात, आणि त्यांत पुस्तकेही असतात.

याच वळ गावात एका कार्यकर्त्याच्या घरी मध्यंतरी जाण्याचा योग आला. घरात दोन मुले. थोरला मुलगा जवळच्याच एका गोदामात कामाला, धाकटी मुलगी कला शाखेच्या दुसऱ्या वर्षाला. नव्या शैक्षणिक धोरणानुसार तिला क्षेत्र-प्रकल्प करायचा होता आणि विषय तिने मोठ्या समजुतीने निवडला होता : गोदामे आल्यानंतर आपले गाव कसे बदलले? मी सहज विचारले, "महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काय मिळाले?" ती म्हणाली, "काका, ग्रंथालयात आम्हाला न्यायलाच नाही. प्रवेश झाल्यावर मोबाइलवर एक लिंक आली होती. वीस मिनिटांचा व्हिडिओ, त्यावर दहा प्रश्न. मला दहापैकी नऊ मिळाले. प्रमाणपत्रसुद्धा आहे."

तिने ते प्रमाणपत्र मला दाखवले. त्यावर लिहिले होते की, ही विद्यार्थिनी ग्रंथालयाचा उपयोग करण्यास प्रशिक्षित झाली आहे. ज्या मुलीने वर्षभरात ग्रंथालयातील एकाही मांडणीवरून स्वतःच्या हाताने पुस्तक काढले नाही, तिला ग्रंथालय-वापराचे प्रशस्तिपत्र! महाविद्यालयाचे नाव येथे घेण्याचे प्रयोजन नाही, कारण हा दोष कोण्या एका संस्थेचा नाही. ही आजची रीत झाली आहे आणि तिला 'आधुनिकता' असे गोंडस नाव मिळाले आहे. म्हणूनच या रीतीची झडती घेणे आवश्यक आहे.

गोदामातील शहाणपण

त्या घरातील थोरल्या मुलाने जे सांगितले, त्याने या साऱ्या प्रश्नाची गुरुकिल्लीच हाती दिली. ऑनलाइन विक्रीच्या मोठ्या गोदामांत वस्तू कशी ठेवतात, असे मी विचारले. तो म्हणाला, "जिथे खण मोकळा असेल तिथे. पुस्तकाशेजारी शांपू, शांपूशेजारी खेळणे. हातातले यंत्र रांग आणि खण सांगते. मी जातो, उचलतो, डब्यात टाकतो." मग हसून म्हणाला, "वस्तू काय आहे हे मला कळायची गरजच नाही."

जगभरातील मोठ्या ऑनलाइन विक्रेत्यांनी ही पद्धत विचारपूर्वक स्वीकारली आहे आणि व्यापाराच्या दृष्टीने ती उत्तम आहे. जागा वाया जात नाही, वेळ वाचतो. परंतु तिचे मर्म असे की, तेथे सारे ज्ञान यंत्रापाशी असते आणि माणसापाशी फक्त पाय आणि हात उरतात.

ग्रंथालयाची मांडणी नेमकी याच्या उलट तत्त्वावर उभी आहे. तेथे पुस्तकाची जागा रिकाम्या खणावरून ठरत नाही, विषयावरून ठरते. मेल्विल ड्युईने १८७६ साली आपली दशांश वर्गीकरण पद्धती प्रसिद्ध केली आणि आपल्या डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३३ साली द्विबिंदू वर्गीकरण जगापुढे ठेवले. दोहोंचा हेतू एकच : एका विषयाचे ग्रंथ एकमेकांशेजारी, आणि नात्यातील विषय शेजारच्या मांडणीवर. एक पुस्तक शोधायला गेलेल्या विद्यार्थ्याची दृष्टी शेजारच्या चार पुस्तकांवर पडते आणि आपला विषय किती मोठा आहे, हे त्याला तेथे उभ्या उभ्या कळते. ज्ञान माणसाच्या डोळ्यांसमोर मांडलेले असते, यंत्राच्या पोटात दडवलेले नसते.

आता ऑनलाइन 'ग्रंथालय-शिक्षण' काय शिकवते ते पाहा. संकेतशब्द कसा भरावा, शोधपेटीत शब्द कसा टाकावा, कोणते बटण दाबावे, धारिका कशी उतरवून घ्यावी. अर्थात रांग अमुक, खण तमुक; जा आणि उचल! थोरल्या भावाला गोदामाने जे शिकवले, तेच धाकट्या बहिणीला महाविद्यालयाने शिकवले. फरक एवढाच की, भावाला त्याचा पगार मिळतो आणि बहिणीकडून त्याचे शुल्क घेतले जाते.

रंगनाथनांनी काय सांगितले होते?

आपल्याकडे दरवर्षी १२ ऑगस्टला ग्रंथपाल दिन साजरा होतो. रंगनाथनांच्या प्रतिमेला हार घातला जातो आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा विचार कपाटबंद होतो. हा गृहस्थ मुळात गणिताचा अध्यापक. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचा ग्रंथपाल झाला, शिक्षणासाठी लंडनला गेला, आणि तेथील ग्रंथालयांचे अवलोकन करून परतल्यावर १९३१ साली त्याने ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. ग्रंथ वापरण्यासाठी असतात, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ आणि प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक भेटला पाहिजे, वाचकाचा वेळ वाचला पाहिजे आणि ग्रंथालय हे वाढत जाणारे सजीव आहे, असा त्यांचा आशय. या पाचांतील 'भेट' हा भाग महत्त्वाचा. ती भेट घडवून आणतो तो ग्रंथपाल. रंगनाथनांनी संदर्भसेवेचा विचार करताना नवागत वाचकाला ग्रंथालयाची दीक्षा देणे हे ग्रंथपालाचे स्वतंत्र कर्तव्य मानले. दीक्षा समोरासमोर बसून दिली जाते, पाठवून दिली जात नाही. ज्या देशाने गुरुमुखातून विद्या घेण्याची परंपरा सहस्रावधी वर्षे चालवली, त्या देशाला हे वेगळे सांगावे लागावे?

आणि हे केवळ दक्षिणेतील एका विद्वानाचे स्वप्न नव्हते. महाराजा सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बडोद्यास पाचारण केले, ग्रंथपालांसाठी प्रशिक्षणवर्ग सुरू करवला आणि पेट्यांतून गावोगाव पुस्तके पाठवणारी फिरती ग्रंथालये उभी केली. पुस्तके पाठवण्याआधी ती वाचकाच्या हाती देणारा माणूस तयार केला पाहिजे, हे त्या द्रष्ट्या राजाने ओळखले होते. करवीर संस्थानाने १९४५ साली ग्रंथालय कायदा केला, तोही देशात सर्वप्रथम. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे. वळहून ही दोन्ही शहरे रिक्षा-बसच्या अंतरावर आहेत. दीड शतकापूर्वी, वीज नसताना, आपल्या पूर्वजांनी वर्गणी काढून जे उभे केले, तेथवर आपण आपल्या मुलांना नेऊ शकत नाही. आणि त्याऐवजी लिंक पाठवतो!

'सारे काही ऑनलाइन आहे'

या रीतीच्या समर्थकांचा पहिला युक्तिवाद ठरलेला असतो : आता सारे काही ऑनलाइन आहे, मग इमारतीत कशाला जायचे?

हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. केंद्र सरकारने या क्षेत्रात केलेले काम खरोखर मोठे आहे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने २०१० पासून 'एन-लिस्ट' योजनेतून सामान्य महाविद्यालयांपर्यंत हजारो नियतकालिके आणि लक्षावधी ई-पुस्तके पोहोचवली. खरगपूरच्या आयआयटीने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय २०१८ साली राष्ट्राला अर्पण झाले. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने 'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजनेला मान्यता दिली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके आणि केंद्र व राज्य सरकारांच्या ६,३०० हून अधिक संस्था असा तिचा विस्तार. परदेशी प्रकाशकांच्या दारात प्रत्येक विद्यापीठाने वेगवेगळी झोळी घेऊन उभे राहण्यापेक्षा राष्ट्राने एकमुखाने वाटाघाट करावी, हे सर्वथा योग्यच झाले.

परंतु या योजनेनेच आमचा मुद्दा सिद्ध होतो. समुद्र जितका मोठा, तितकी नौकानयनाची विद्या अधिक लागते. १३,००० नियतकालिकांचे दार उघडले गेले, पण आत कसे जायचे, काय घ्यायचे, काय सोडायचे हे शिकवणारा माणूस दारात नसेल, तर हे ६,००० कोटी कोणाच्या कामी येणार? शिवाय यांतील बहुतांश मजकूर इंग्रजी. मराठीतून शिकणाऱ्या मुलीला लागणारी मराठी नियतकालिकांची जुनी बांधीव वर्षे आजही मोठ्या प्रमाणावर ग्रंथालयांच्या मांडण्यांवरच आहेत. शंकर गणेश दाते यांनी 'मराठी ग्रंथसूची' हे प्रचंड काम एकहाती उभे केले. १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची नोंद पहिल्या खंडात आणि १९३८ ते १९५० ची पुढच्या खंडात. मराठीच्या किती पदवीधरांना या सूचीचे नाव ठाऊक आहे? नाव ठाऊक नसेल तर शोधपेटीत टाकणार काय?

वळचा शोध

कळीचा मुद्दा येथेच आहे, म्हणून उदाहरणाने सांगतो. त्या मुलीसमोर बसून आम्ही मोबाइलवर तिच्या गावाचा शोध घेतला. मराठीत 'वळ' टाकले तर अंगावर उठलेल्या वळांवरील घरगुती उपचार पुढे आले. इंग्रजीत भिवंडीसह टाकले तर गोदाम भाड्याने देणे आहे, गोदाम विकणे आहे, अशा जाहिरातींची रांग लागली. ज्या गावावर तिला लिहायचे होते, ते गाव यंत्राच्या लेखी एक तर रोग होते किंवा चौरस फूट.

आता जाणता ग्रंथपाल काय करील ते पाहा. तो आधी विचारील, "तुला नेमके काय समजून घ्यायचे आहे? जमीन, रोजगार, की माणसांचे राहणीमान?" या एका प्रश्नाने विषयाला हातपाय फुटतात. मग तो तिला मांडण्यांपाशी नेईल. कामगारांचे अर्थशास्त्र ३३१ या वर्गांकाखाली, व्यवस्थापन आणि साठवणूक ६५८ खाली, भिवंडीच्या यंत्रमागांचा वस्त्रोद्योग ६७७ खाली, भारताचा इतिहास ९५४ खाली. एक प्रश्न चार ठिकाणी विखुरलेला असतो आणि तो जोडणे यालाच अभ्यास म्हणतात, हे तिला चालता चालता उमगेल. नंतर तो संदर्भ विभागातून मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा ठाणे जिल्ह्यावरील १८८२ सालचा तेरावा खंड काढील. त्या काळी इंग्रजीत ठाण्याचे नाव 'थाना' असे लिहीत, म्हणून आजच्या स्पेलिंगने शोधणाऱ्याला तो सापडत नाही, हेही सांगील. अखेरीस तो जनगणनेची जिल्हा पुस्तिका पुढे ठेवील. तीत लोकसंख्या, साक्षरता, शेतकरी किती आणि अन्य कामगार किती, हे गावनिहाय दिलेले असते. वेगवेगळ्या दशकांचे तक्ते शेजारी ठेवले की भातशेतीपासून गोदामापर्यंतचा प्रवास आकड्यांत दिसू लागतो.

कोणी म्हणेल, गॅझेटियर आणि जनगणना हे दोन्ही आज संगणकावरही मिळते. मिळते, आणि आम्हीही ते तेथेच पाहिले. पण ते आहे हे तिला कोणी सांगितले? यंत्र विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देते. विचारायचा प्रश्न कोणता, हे सांगायला जाणता माणूस लागतो.

गुणांचे मृगजळ

दुसरा युक्तिवाद अधिक विद्वत्तापूर्ण असतो. अमेरिकेतील विद्यापीठांत ऑनलाइन आणि प्रत्यक्ष ग्रंथालय-शिक्षणाची तुलना करणारे अनेक अभ्यास झाले असून त्यांतील पुष्कळांत विद्यार्थ्यांच्या चाचणीतील गुणांत लक्षणीय फरक आढळलेला नाही, असे सांगितले जाते. हे खरे आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही.

परंतु या तुलनेचा अर्थ नीट लावला पाहिजे. एक तर त्या चाचण्या बहुधा शिकवलेल्या कौशल्याचीच परीक्षा घेतात. कोणते चिन्ह कशासाठी, लेख आणि पुस्तक यांच्या नोंदीत फरक काय, असे प्रश्न व्हिडिओ पाहूनही सुटतात. वळच्या मुलीला दहापैकी नऊ मिळालेच होते! दुसरे म्हणजे, ज्या विद्यापीठांत हे अभ्यास झाले तेथे मुक्तद्वार ग्रंथालये आहेत आणि विषयवार प्रशिक्षित ग्रंथपाल आहेत. तेथे ऑनलाइन पाठ हा चालत्या ग्रंथालयाचा दरवाजा असतो. आमच्याकडे तो बंद ग्रंथालयावरचा पडदा होऊ पाहत आहे. जेवणाऱ्या माणसाला जीवनसत्त्वाची गोळी दिल्याने अपाय होत नाही, म्हणून उपाशी माणसाला नुसत्या गोळीवर ठेवता येईल काय? परदेशी निष्कर्ष उचलायचा आणि तो ज्या पायावर उभा आहे तो पाया मात्र तेथेच सोडायचा, ही आपल्याकडील जुनी खोड आहे.

तिसरा युक्तिवाद सोयीचा. विद्यार्थी कामावर जातात, दूरवरून येतात, त्यांना रात्रीच वेळ मिळतो. या युक्तिवादापुढे मात्र आम्ही नम्र होतो, कारण तो श्रमिकांच्या घरातून येतो. मार्च २०२० नंतरच्या टाळेबंदीत ग्रंथालयांना कुलपे लागली, तेव्हा ज्या थोड्या विद्यार्थ्यांना वाचायला मिळाले ते संगणकामुळेच. तेव्हा ऑनलाइन साधने नकोत, असे कोणी म्हणत नाही. आमचे म्हणणे इतकेच की, ती शिक्षणानंतरची सोय आहे, शिक्षणाची जागा घेणारी व्यवस्था नव्हे. पोहायला शिकल्यानंतर कोणत्याही नदीत उतरता येते. पण पोहणे शिकायला एकदा तरी पाण्यात उतरावे लागते, आणि त्या वेळी काठावर कोणी तरी उभे असावे लागते.

खोट्याच्या बाजारात

हा केवळ जुन्या-नव्याचा वाद असता तर एवढा मजकूर खर्ची घातला नसता. गेल्या काही वर्षांत परिस्थितीने गंभीर वळण घेतले आहे.

मे २०१८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने आपल्या मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके एका फटक्यात वगळली. पैसे घेऊन वाटेल ते छापणारी दुकाने 'संशोधन नियतकालिक' या पाटीखाली बिनदिक्कत चालत होती. त्यानंतर आलेली 'केअर' यादीही आयोगाने २०२५ मध्ये बंद केली आणि नियतकालिक पारखण्याची जबाबदारी संस्थांवर, म्हणजे अखेर अध्यापकांवर आणि विद्यार्थ्यांवर आली. पारख करायला कोण शिकवणार? दहा प्रश्नांची चाचणी?

नोव्हेंबर २०२२ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेची संवादयंत्रे सर्वांच्या हाती आली. ही यंत्रे विचारले ते सांगतात आणि माहीत नसेल तर बेमालूम रचूनही सांगतात. जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका संघीय न्यायालयाने दोन वकिलांना आणि त्यांच्या संस्थेला ५,००० डॉलरचा दंड ठोठावला. त्यांनी न्यायालयापुढे ठेवलेले अनेक जुने निवाडे कधी दिलेच गेले नव्हते. यंत्राने ते कल्पनेने रचले होते. मुरलेल्या वकिलांची ही गत, तर अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याचे काय? आपल्याकडे २०१८ च्या नियमांनुसार शोधनिबंधातील साम्य दहा टक्क्यांच्या वर गेले की कारवाईच्या पायऱ्या सुरू होतात. उचलेगिरीवर शिक्षा आहे. पण उचलेगिरी म्हणजे काय, अवतरण आणि ऋणनिर्देश कसा करावा, मूळ ग्रंथ उघडून पान कसे पडताळावे, हे शिकवण्याची तजवीज नाही. शिकवायचे नाही आणि दंड मात्र करायचा, याला न्याय म्हणत नाहीत.

'सारे काही ऑनलाइन' असण्यातील धोकाही जगाने पाहिला आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीवर खंडणीखोरांचा सायबर हल्ला झाला. जगातील एका अग्रगण्य ग्रंथालयाची ऑनलाइन तालिका अडीच महिने बंद पडली. पुस्तके जागेवरच होती. त्यांच्याकडे जाण्याची यांत्रिक वाट तेवढी बुजली होती. ज्यांना दुसरी वाट ठाऊक नव्हती, त्यांच्या लेखी जणू ग्रंथालयच नाहीसे झाले.

पणाला काय लागले आहे?

नव्या धोरणाने चार वर्षांच्या पदवीचा मार्ग खुला केला. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळवणाऱ्याला चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स पदवी घेता येते आणि तीत १२ श्रेयांकांचा संशोधन-प्रकल्प असतो. कल्पना उत्तम आहे. वळच्या गोदाम-कामगाराच्या बहिणीलाही संशोधक होण्याचा अधिकार या धोरणाने दिला. पण संशोधनाची पहिली पायरी ग्रंथालयात आहे, आणि तीच पायरी आपण काढून घेत आहोत. घरात पुस्तकांची कपाटे असलेल्या मुलांचे यामुळे काही अडत नाही. त्यांना आई-वडील, आजोबा, शेजारचे प्राध्यापक वाट दाखवतात. ज्या घरात पहिल्यांदाच कोणी पदवीपर्यंत पोहोचले, त्या घरातील मुलाला वाट दाखवणारा एकच माणूस असतो, तो म्हणजे महाविद्यालयाचा ग्रंथपाल. त्याचे पद रिक्त ठेवायचे, त्याच्याकडे देवघेवीची नोंद आणि परीक्षेचे काम सोपवायचे आणि त्याच्या जागी व्हिडिओ लावायचा, ही काटकसर नेमकी गरिबाच्या ताटातून केली जाते. समरसतेच्या गोष्टी करणाऱ्या समाजाने या गोष्टीकडे डोळेझाक करता कामा नये.

ग्रंथालयाने माणसे कशी घडवली, हे आपण विसरलो काय? स्वातंत्र्यवीर सावरकरांनी १८५७ च्या समराचा इतिहास लिहिला तो लंडनच्या इंडिया ऑफिस ग्रंथालयात बसून, इंग्रजांनीच लिहून ठेवलेली साधने इंग्रजांविरुद्ध वाचून. पुढे अंदमानच्या काळकोठडीतही बंदिवानांसाठी ग्रंथसंग्रह व्हावा म्हणून ते झगडले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी न्यूयॉर्क आणि लंडनच्या ग्रंथालयांत दिवसचे दिवस काढले आणि दादरला 'राजगृह' बांधले ते ग्रंथांना जागा हवी म्हणून. साधने कोणापाशी आहेत याहून ती कशी वाचायची हे कोणाला येते, यावर इतिहासाची दिशा ठरते.

काय करता येईल?

नुसता आक्रोश करून थांबणे आपल्या परंपरेत बसत नाही. महाविद्यालयांकडे आमची मागणी साधी आहे. पहिल्या सत्रात किमान पंधरा तासांचा ग्रंथालय-शिक्षणाचा पाठ, श्रेयांकासह, ग्रंथालयाच्या वास्तूत, वीस-पंचवीस विद्यार्थ्यांच्या तुकड्यांत घ्यावा. परीक्षा बहुपर्यायी प्रश्नांची नको. विद्यार्थ्याने स्वतःच्या गावावर किंवा मोहल्ल्यावर दहा साधनांची टिपणांसह सूची करावी आणि त्यांतील निदान पाच साधने मांडणीवरून स्वतः काढलेली असावीत. व्हिडिओ जरूर ठेवावा, पण उजळणीसाठी. मांडण्या विद्यार्थ्यांना खुल्या कराव्यात. पुस्तके हरवतील ही भीती खरी आहे. परंतु न वाचलेले पुस्तक हेही हरवलेलेच असते. ग्रंथपालांची रिक्त पदे भरण्यासाठी प्राध्यापक संघटना, पालक आणि संस्थाचालक यांनी एकत्र येऊन शासनाकडे आग्रह धरावा.

पालकांना विनंती अशी की, मुलाला महाविद्यालयात प्रवेश घेताना उपाहारगृह आणि संगणककक्ष पाहता, तसे ग्रंथालयही पाहा. मांडण्यांपर्यंत विद्यार्थ्याला जाता येते का, एवढे एकच विचारा. उत्तरावरून त्या संस्थेची परीक्षा होईल.

आणि कार्यकर्त्यांना एक सोपे काम. महिन्यातील एक रविवार ठरवून आपल्या वस्तीतील दहा-बारा महाविद्यालयीन मुलांना कल्याणच्या वा ठाण्याच्या जुन्या ग्रंथसंग्रहालयात घेऊन जा. भाषण नको, कार्यक्रम नको. तेथील सेवकाला नमस्कार करून मुलांना मांडण्यांमध्ये दोन तास मोकळे सोडा. परतताना प्रत्येकाला विचारा, जे शोधायला गेला नव्हतास असे काय सापडले?

वळच्या त्या मुलीला आम्ही ठाण्याला नेले. गावाविषयीचे पुस्तक शोधता शोधता शेजारच्या मांडणीवर तिला मिठागरांवरचे एक जुने पुस्तक दिसले आणि ती तेथेच जमिनीवर बसून वाचू लागली. तासाभराने उठली तेव्हा तिने आपल्या प्रकल्पाचा पहिला प्रश्न बदलला होता. गोदामे आल्यावर गाव कसे बदलले, हे विचारण्याआधी गोदामांपूर्वी हे गाव कशावर जगत होते, हे तिला जाणून घ्यायचे होते.

तिला हा प्रश्न कोणत्याही यंत्राने सुचवला नव्हता. तिचा भाऊ रोज शेकडो वस्तू उचलतो आणि त्यांतील एकही त्याची नसते. तिने एक पुस्तक उचलले आणि ते तिचे झाले. हा फरक ज्या दिवशी आमच्या शिक्षणव्यवस्थेला कळेल, त्या दिवशी ग्रंथालयाची दारे बंद करून लिंक पाठवण्याचे धाडस कोणाला होणार नाही. तोवर ते दार उघडे ठेवण्याची जबाबदारी आपली आहे.